आकडी आणि काठी

आमच्या लहानपणी रविवारच्या शाळेत भिंतीवर येशूचे एक चित्र होते. पांढराशुभ्र झगा, खांद्यावर त्याहून शुभ्र कोकरू, पायाखाली हिरवळ. बायबलमधले तेविसावे स्तोत्र आम्ही त्या चित्राकडे पाहतच पाठ केले, आणि म्हणून ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या ओळीला माझ्या मनात कित्येक वर्षे साबणाचा वास येत असे. कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला मेंढरांचा खरा वास माहीत नसतो असे नाही. दिवाळीनंतर धनगरांचे कळप परतू लागले की रस्त्यावर एसटी थांबायची, आणि खिडकीतून तो वास आत यायचा. पण त्या कळपांची आणि स्तोत्रातल्या मेंढरांची गाठ मी कधी घातली नव्हती.

ती गाठ पडली गेल्या उन्हाळ्यात, करवीर तालुक्यातल्या मामांच्या शेतात. ऊस तुटून गेल्यावर रान मोकळे होते, म्हणून खतासाठी मामांनी दोन रात्री बकरी बसवली होती. (आमच्याकडे धनगर मेंढरांना बकरीच म्हणतात आणि खऱ्या बकरीला शेरडू, त्यामुळे शेवटच्या न्यायाच्या दाखल्यात येशू वेगवेगळी करतो ती मेंढरे आणि शेरडे आमच्या मुलांना नीट समजावून सांगावी लागतात.) संध्याकाळी वाघर लावली, म्हणजे खुंट्यांना दोरीची जाळी बांधून वाडा केला, मेंढरे आत गेली, आणि जिथे जाळीची दोन टोके जुळत होती तिथेच एक वयस्क धनगर घोंगडे पसरून आडवा झाला. ‘मामा, बांधावर झोपा की, इथे कशाला?’ असे मी विचारले, तर ते म्हणाले, ‘हितंच बरं. बकरी भाईर पडली तर माज्या अंगावरनंच पडंल, आन् काय आत शिरलं तर त्येबी माज्याच अंगावरनं.’

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणतो, पण त्याच्या आधी तो ‘मी मेंढरांचे दार आहे’ असेही म्हणतो. दोन रूपके एकाच माणसाने एका दमात का वापरावीत, हे मला नेहमी खटकत असे. उघड्या रानातल्या वाड्याला दार नसते, मेंढपाळच तोंडाशी झोपतो, असे स्पष्टीकरण मी उपदेशांत ऐकले होते आणि ती उपदेशकांची कल्पकता आहे असे समजून सोडून दिले होते. त्या रात्री रूपके दोन राहिलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या धनगरमामांची आकडी पाहिली. लांब बांबू आणि त्याच्या टोकाला बांधलेला वाकडा विळा. बांधावरच्या बाभळीची फांदी तिने ओढून, अर्धवट तोडून ते खाली आणत, आणि मेंढरे त्या शेंगांवर तुटून पडत. ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ हे वाक्य मी हजार वेळा म्हटले असेन, पण आकडी म्हणजे राखणीचेच काहीतरी हत्यार असावे अशी माझी समजूत होती. मूळ हिब्रूत एक शब्द दंडाचा आहे आणि दुसरा टेकायच्या काठीचा, त्यामुळे मराठीतली ‘आकडी’ मुळाला तंतोतंत धरून नसेलही. तरी हा शब्द ज्याला सुचला त्याने इथला मेंढपाळ पाहिलेला असणार असे मला वाटते, कारण ज्या फांदीपर्यंत मेंढराचे तोंड पोहोचत नाही ती फांदी खाली आणणे हीसुद्धा राखणच आहे, आणि चित्रातल्या येशूच्या हातात ही वस्तू मी कधी पाहिलेली नाही.

हरवलेल्या मेंढराचा दाखला मी त्यांना सांगितला. लूकच्या पंधराव्या अध्यायात मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडून एकाच्या शोधात निघतो. हे मला कायम बेजबाबदारपणाचे वाटायचे. धनगरमामा हसले. ‘एकटा कोण फिरतंय हो? एक जण मागं जातो, बाकीच्यांनी बाकीची धरायची.’ घरी येऊन मी तो दाखला पुन्हा वाचला. मेंढरू सापडल्यावर तो मित्रांना आणि शेजाऱ्यांना बोलावतो, एवढे मात्र त्यात आहेच. नव्याण्णवांचे काय झाले हे लूक सांगत नाही, आणि त्याच्या पहिल्या ऐकणाऱ्यांनी कदाचित विचारलेही नसेल.

या प्रतिमेची एक बाजू मात्र आपण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, फारशी काढत नाही. धनगर कोकरे विकतो. त्याचे पोट त्यावरच आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पण म्हणूनच मेंढपाळ हा शब्द शास्त्रात नेहमीच गोड नाही. बाबेलच्या बंदिवासाच्या काळातला संदेष्टा यहेज्केल चौतिसाव्या अध्यायात इस्राएलाच्या मेंढपाळांना, म्हणजे राजांना आणि पुढाऱ्यांना, धारेवर धरतो. तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पण दुबळ्याला बळ दिले नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, चुकलेल्याला शोधले नाही, असे एकामागून एक आरोप येतात आणि शेवटी देव म्हणतो की आता मीच माझी मेंढरे राखीन. योहानातला उत्तम मेंढपाळ या निकालानंतर उभा आहे. लांडगा दिसताच पळणारा मोलकरी त्याच्या शेजारी दाखवलेला आहे, तोही उगाच नाही.

कोल्हापुरात १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले आणि इथे मिशनचे काम सुरू झाले. आपण मंडळीच्या पुढाऱ्याला पाळक म्हणतो, आणि इंग्रजीत ज्याला पास्टर म्हणतात त्या शब्दाचाही लॅटिनमधला अर्थ मेंढपाळ असाच आहे. तेविसावे स्तोत्र मी प्रत्येक अंत्यविधीत ऐकले आहे. यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय व्यासपीठावरून वाचला गेल्याचे मला एकदाच आठवते, आणि तेव्हाही वाचणारा बाहेरगावचा पाहुणा होता.

तिसऱ्या शतकातल्या रोमच्या भुयारी दफनभूमींत या मेंढपाळाची चित्रे आहेत. आखूड अंगरखा, दाढी नसलेला तरुण, खांद्यावर मेंढरू. ना तेजोवलय, ना शुभ्र झगा. ही चित्रे आमच्या शाळेतल्या चित्रापेक्षा आमच्या रानाला जवळची वाटतात. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात तर राजासनासमोरचा कोकराच, म्हणजे येशूच, लोकांचा मेंढपाळ होईल असे म्हटले आहे. जो विकला जातो तोच राखतो. हे वाक्य कोणत्याही धनगराला वेडेपणाचे वाटेल, आणि तसे वाटलेच पाहिजे, कारण ते नेहमीच्या हिशेबात बसत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाघर उपटली. रात्रीत एक मेंढी व्याली होती. ते पिल्लू डालग्याखाली होते आणि त्याची आई डालग्याभोवती घिरट्या घालत होती. धनगरमामांनी पिल्लू उचलून घोंगड्याच्या खोळीत घातले, बाकीची बकरी मुलाच्या मागे लावली, आणि स्वतः त्या एका मेंढीच्या चालीने, फार मागे राहून, हळूहळू निघाले.