टेबलावर व्हायकिंग

शनिवार, रात्री साडेअकरा

इंग्लंडमधल्या सेंट आयव्ह्‌जच्या किनाऱ्यावर आज व्हायकिंग उतरले, तेही आमच्या जेवणाच्या टेबलावर. त्यामुळे आमटी-भात सोफ्यावर बसूनच खाल्ला. नवरा काही बोलला नाही, फक्त टेबलाकडे दोनदा पाहिलं.

हे जिगसॉ, म्हणजे तुकडे जोडून पुरं करायचं चित्र, ग्रेट वेस्टर्न रेल्वे या ब्रिटिश रेल्वे कंपनीचं. 1924 पासून दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत ही कंपनी बर्मिंगहॅमच्या चॅड व्हॅली या खेळणी बनवणाऱ्या कंपनीकडून प्लायवूडची जिगसॉ करून घ्यायची आणि अडीच शिलिंगला विकायची. इंजिनं, कॅथीड्रल, किल्ले असं बरंच काही. मला मात्र इतिहासाचीच हवीत: हे व्हायकिंग लुटारू, वेल्समधल्या कार्लियनचे रोमन. कोपरे, मग काठ, मग जहाजं. आभाळ शेवटी, कारण सगळे निळे तुकडे मेले सारखेच.

जोडता जोडता हसू येत होतं. लुटारू उतरतायत ते गाव कुठलं, तर कंपनीची गाडी जिथे जायची ते! आणि जाहिरात कशी, तर गिऱ्हाइकानं पदरचे पैसे मोजून घरी न्यायची आणि रात्ररात्र डोळे फोडून निरखायची. आजचा कुठला जाहिरातवाला हे जमवून दाखवेल?

जिगसॉ जन्मलं तेच मुळी काहीतरी गळी उतरवायला. 1760 च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं लाकडावर नकाशे चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले ते भूगोल शिकवायला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज, त्याची पोरंही असेच नकाशे जुळवत शिकली. 1788 मध्ये जॉन वॉलिसनं इंग्लंडच्या राजांची सनावळीच तुकड्यांत विकली. आमच्या शाळेत सनावळ्या घोकण्यापेक्षा हे बरं.

खोक्याच्या झाकणात आत पेन्सिलीनं कुणीतरी लिहून ठेवलंय, ‘एक हरवला’. खरंच आहे, आभाळातलाच गेलाय. तसा तुकडा नवा कापून, रंगवून देणारे कारागीर इथे आहेत, पण मला ते पटत नाही. ज्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं त्याला खोटं कशाला पाडायचं?

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. “अगं, अर्धवट वस्तूला एवढे पैसे? त्यात एक बरी साडी आली असती.” किंमत मी निम्मीच सांगितली होती.

रोमन अजून मिळालेले नाहीत. एक खोका लिलावात आलाय, पण विकणाऱ्यानं तुकडे मोजलेले नाहीत, ‘बहुधा पूर्ण’ म्हणतो. न मोजलेल्या खोक्यावर मी बोली लावत नाही.