हा माणूस तुझ्या ओळखीचा आहे का?

१४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो आणि त्यात कॉलेजला काहीतरी उपक्रम करून फोटो पाठवावेच लागतात, आणि दरवर्षी ते काम ग्रंथपालाच्या म्हणजे माझ्याच गळ्यात पडतं. दोन वर्षं ग्रंथदिंडी काढली, एकदा हस्ताक्षर स्पर्धा घेतली, यंदा प्राचार्य म्हणाले काहीतरी डिजिटल करा. मला मनातून बरंच वाटलं. कारण गेली अकरा वर्षं मी मराठी विकिपीडियावर असतो आणि हे आमच्या स्टाफरूममध्ये कुणालाच माहीत नाही, तिथलं माझं नावसुद्धा वेगळंच आहे, एका पक्ष्याचं नाव आणि पुढे दोन आकडे. म्हटलं चला, विकिपीडियावर लिहायची कार्यशाळाच घेऊ, या निमित्ताने चार पोरं तरी तिकडे येतील.

आमचं कॉलेज धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात. कॉम्प्युटर लॅबमध्ये तीस मशीन, त्यातली चोवीस चालू, पोरं आली चाळीस. आणि पहिलीच माशी शिंकली ती खातं उघडताना. एका नेट कनेक्शनवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात, गैरवापर होऊ नये म्हणून तशी मर्यादा आहे, आणि कार्यशाळा असेल तर आधी सांगून ती वाढवूनही घेता येते. हे मला माहीत होतं. अकरा वर्षांचा अनुभव, आणि मी सांगायचं विसरलो. सातव्या पोराला लाल अक्षरात एरर आली आणि मागून आवाज, "सर, आम्हाला ब्लॉक केलं का?" मग सगळ्यांना म्हटलं काढा मोबाईल, वायफाय बंद करा, आपापल्या डेटावरून खाती उघडा. एरवी मोबाईल बाहेर काढला की ओरडणारा मीच.

पुढचा अर्धा तास मजेचा होता. या पोरांनी आजवर जिथे जिथे खातं उघडलंय तिथे पहिली गोष्ट काय असते, तर फोटो लावा, स्वतःबद्दल लिहा, फॉलोअर वाढवा. तेच डोक्यात घेऊन ती आली होती. एकाने दहा मिनिटांत स्वतःवर लेख लिहून जतनसुद्धा केला. "युवा नेतृत्व, गोरगरिबांचे कैवारी, मित्रपरिवाराचा आधारस्तंभ." वय वर्षं एकोणीस. वाढदिवसाचा फ्लेक्सच होता तो, खाली शुभेच्छुकांची नावं तेवढी टाकायची राहिली होती. एका मुलीने बातमीच्या साइटवरून तीन परिच्छेद उचलून चिकटवले आणि प्रताधिकार वगैरे सांगितल्यावर निरागसपणे म्हणाली, "सर, पण असाइनमेंट तर आम्ही असंच करतो." यावर मी काय बोलणार. आणखी एक प्रश्न आला, "सर, इथे लाइक कुठे दिसतात?" लाइक नसतात म्हटल्यावर दोघं चहाला गेले ते दुपारीच उगवले.

आणि याच गडबडीत दारात गुरुजी.

गुरुजी म्हणजे माझे चौथीचे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले, पुढे मुख्याध्यापक होऊन रिटायर झाले. आता पंचाहत्तरी ओलांडलीये पण धोतर तसंच पांढरंफेक, खांद्याला कापडी पिशवी. पेपरात कार्यशाळेची चार ओळींची बातमी आली होती ती वाचून एसटीने आले होते. मी उठून पाया पडलो तर म्हणे, "कसा शेस रे?" आणि मग एकदम प्रमाण मराठीत, "मला पण शिकायचं आहे. वयाची अट आहे का?" पहिल्या बाकावर बसवलं. शेजारच्या पोराने आपणहून सरकून जागा दिली.

थोडं स्थिरस्थावर झाल्यावर त्यांनी पिशवीतून शंभरपानी वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरली. "हे आधी सांग. हा माणूस तुझ्या ओळखीचा आहे का?"

पानावर त्यांच्या त्या वळणदार अक्षरात रकाने आखलेले. तारीख, डिसेंबरातली. वेळ, रात्री ९ वाजून १२ मिनिटे. विषय, फड पद्धत. मजकूर, चार परिच्छेद. पुढच्या रकान्यात, खोडल्याची वेळ ९ वाजून १३ मिनिटे. कारण, उत्पात. आणि शेवटचा रकाना, खोडणाऱ्याचे नाव. तिथे त्या पक्ष्याचं नाव होतं. पुढे दोन आकडे.

माझा घसाच कोरडा पडला. "बघतो गुरुजी" म्हणून मी मागच्या रांगेतल्या कुणाचा तरी पासवर्ड दुरुस्त करायला पळालो. पळालोच, दुसरा शब्द नाही.

आता याच्या मागची गोष्ट सांगायला हवी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, बरोबर महाराष्ट्र दिनाला. वाचणारे अमाप, पण रोजच्या रोज राखण करणारे मोजकेच. आम्ही रात्री जेवणं झाली की 'अलीकडील बदल' उघडून बसतो आणि येणारी भर बघत जातो. काय काय येतं म्हणून सांगू. महाराजांच्या लेखात मध्येच कुणाचंतरी स्वतःचं नाव, गावाच्या पानावर सरपंचाचा मोबाईल नंबर, नुसतंच "हाय", नुसतेच फुल्याफुल्या. पहिली दोन वर्षं मी प्रत्येकाला चर्चापानावर दोन ओळी लिहायचो की बाबा, असं का केलंस. मग हळूहळू हाताला सवय लागते, डोळे अर्धवट बघतात आणि बोट उलटवायच्या, म्हणजे ती भर काढून टाकायच्या, बटणावर जातं. नवीन माणसांना चावू नका असा एक संकेत इंग्रजी विकिपीडियावर आहे. चावू नका म्हणे! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो, आम्ही काय कुत्री आहोत का.

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये एकटाच बसून तालुक्याच्या पानाचा इतिहास उघडला. पानावरून खोडलेलंही विकिपीडियावर सहसा पुसलं जात नाही हे मीच सकाळी पोरांना अभिमानाने सांगितलं होतं, प्रत्येक बदल आणि करणाऱ्याचं नाव इतिहासात कायम राहतं म्हणून. होतंच ते. लॉगिन न करता कुणीतरी घातलेली सहा हजार बाइटची भर, हिरव्या आकड्यात. बरोबर त्याच्या वर माझं नाव, तेवढाच आकडा लाल. मी तो मजकूर पहिल्यांदा पूर्ण वाचला. म्हणजे डिसेंबरात न वाचताच उडवला होता, हे आत्ता कळत होतं.

आणि काय लिहिलं होतं गुरुजींनी! पांझरेवरचा बंधारा, तिथून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या, त्यातून शेतात जाणारे सारंग, जास्तीचं पाणी काढून द्यायचे सांडम. गावाचं भिजणारं रान तीनचार फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, यंदा या फडात ऊस तर त्या फडात दुसरं, म्हणजे पाणी शेवटच्या शेतापर्यंत हिशोबात पोचतं. पाणी सोडणारा पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार, भांडण झालं तर पंच. फड पद्धत म्हणजे धुळे-नाशिककडच्या नद्यांवरची ही शेकडो वर्षांची व्यवस्था, सरकारी पाटबंधारे खातं जन्मायच्या आधीची. माझा जन्म या तालुक्यातला आणि मला सांडम हा शब्द माहीत नव्हता.

पण खरं सांगायचं तर नियमाने तो मजकूर राहिलाच नसता. एकही संदर्भ नाही, सगळं प्रथमपुरुषी, "माझे वडील सांगत", "मी लहानपणी पाहिले आहे", आणि शेवटी चक्क सही, संपूर्ण नाव आणि कंसात सेवानिवृत्त मुख्याध्यापक. काढणं चुकीचं नव्हतं. तो शब्द चुकीचा होता. उत्पात म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस, आणि ते कारण मी लिहिलं पण नव्हतं, यादीतून निवडलं होतं.

दुपारी सरळ जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. आजूबाजूला पोरं होती, तरी सांगून टाकलं. "गुरुजी, तो माणूस मीच आहे."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. "मी एकतीस वर्षं उत्पात करणारी पोरं सांभाळली," ते म्हणाले, "त्यात तू पण होतास." शेजारचा पोरगा फिस्सकन हसला. मग जरा थांबून, "तुझ्या वहीवर लाल रेघ मारायचो तेव्हा बाजूला लिहायचो की नाही, काय चुकलं ते? नुसती रेघ कधी मारली का रे मी?"

नाही मारली कधी. मला अजून आठवतं, समासात बारीक अक्षरात "पाणी मधला णी दीर्घ" असं लिहिलेलं असायचं.

यानंतरचे दोन तास म्हणजे खरी कार्यशाळा झाली असं माझं मत, फोटोत ती आली नाही हा भाग वेगळा. गुरुजींना पटवणं सोपं नव्हतं. "मी स्वतः पाहिलंय त्याला पुरावा कशाला? मीच पुरावा." आता या माणसाला मूळ संशोधन नको, म्हणजे आधी कुठे प्रसिद्ध न झालेलं लिहायचं नाही, हा नियम कसा सांगायचा? शेवटी त्यांच्याच भाषेत सांगितलं की गुरुजी, वाचणारा नागपूरला बसलाय, तो तुम्हाला ओळखत नाही, उद्या कुणी येऊन लिहील की पाटकरी पाणी चोरायचा, तर त्याचंही खरं धरायचं का? यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे छापील पाहिजे." म्हटलं, छापील पाहिजे, आणि छापील हेच माझं खातं आहे. ग्रंथालयात नेलं. १८८० सालच्या खानदेश गॅझेटिअरचं पुनर्मुद्रण आमच्याकडे आहे, संदर्भ विभागात सगळ्यात खालच्या कप्प्यात, बहुतेक मी सोडून कुणी हात न लावलेलं. सिंचनाचं प्रकरण काढलं, बंधाऱ्यांची वर्णनं सापडली. गुरुजी इंग्रजी ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत होते आणि मधेच थांबून साहेबाला सुधारत होते, "हे याने अर्धवट लिहिलंय." म्हटलं, असू द्या, अर्धवट आहे तेवढंच घेऊ. आणखी जलसिंचनावरची दोन मराठी पुस्तकं निघाली, त्यात फड पद्धतीवर पानंच्या पानं होती.

मग टायपिंग. गुरुजी एका बोटाने टाइप करतात, प्रत्येक अक्षर दाबल्यावर स्क्रीनकडे बघून खात्री करून घेतात. 'पाटकऱ्याला' या शब्दाशी गाडी अडली, कारण तो चंद्रकोरीसारखा र काही केल्या येईना, 'पाटकर्याला' असं येई आणि त्यांना ते सहन होईना. मी म्हटलं असू द्या, वाचणाऱ्याला कळतं. "कळतं म्हणून चुकीचं लिहायचं?" शेवटी ज्याने सकाळी स्वतःवर लेख लिहिला होता त्या युवा नेतृत्वाने येऊन दाखवलं की इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबायची, मग पाय मोडून य. ऱ्या उमटला तेव्हा गुरुजींनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पोरगा पुढे संध्याकाळपर्यंत हललाच नाही तिथून. संदर्भाचे पानक्रमांक तोच भरत बसला होता. त्याचा स्वतःवरचा लेख दुपारीच उडाला होता, त्याचं त्याने नावही काढलं नाही.

सहीचा विषय मात्र नाजूक निघाला. "खाली माझं नाव येईल ना?" लेखात येत नाही, इतिहासात येतं. "इतिहास कोण बघतं?" आता मी काय सांगू, मी सकाळपासून तेच बघत होतो. मग चर्चापान दाखवलं, तिथे लिहून शेवटी चार नागमोडी खुणा टाकल्या की आपोआप सही आणि वेळ उमटते. एस्केपच्या खालची ती कळ, शिफ्ट धरून चार वेळा. त्यांना हे इतकं आवडलं की पुढच्या वीस मिनिटांत त्यांनी तीन ठिकाणी सह्या केल्या.

साडेचारला जतन केलं. अकरा वाक्यं, पाच संदर्भ. सगळे स्क्रीनकडे बघत बसलो, कुणी येऊन खोडतंय का म्हणून. कुणी नाही आलं. रात्री एका जुन्या सदस्याने एक अनुस्वार तेवढा काढला.

त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य लेखात नाही. त्यांच्या गावात ज्याची फडात जमीन आहे त्याला पाटकरी करत नसत, म्हणजे स्वतःच्या शेताला पाणी वळवायचा मोह नको, असं त्यांचे वडील सांगायचे. आम्ही खूप शोधलं, त्या गावाबद्दल तसं लिहिलेलं सापडलं नाही. ते वाक्य वहीतच आहे.

चाळीस पोरं आणि गुरुजी, त्यातले किती टिकले म्हणाल तर तीन. ती कॉपी करणारी मुलगी आता संतांच्या पानांवर संदर्भ लावते, युवा नेतृत्व गावांचे फोटो चढवतं, आणि तिसरे गुरुजी. मागच्या महिन्यात सकाळी सहाला त्यांचा मेसेज, "एकाने आपल्या लेखात सांडमचे सांडपाणी केले होते, मी उलटवले." मी विचारलं, कारण लिहिलंत ना? जाऊन बघितलं तर बदल एका शब्दाचा, आणि कारणाच्या चौकटीत पाचशे अक्षरांची मर्यादा असते ती संपून वाक्य मध्येच तुटलेलं. उरलेलं त्यांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, त्या माणसापर्यंत पोचव म्हणून.