हाइथची चांदमारी आणि चित्रातले ९०० यार्ड

लंडनहून रेल्वेने फोकस्टन आणि तिथून बसने हाइथ. केंटच्या किनाऱ्यावरचं हे गाव नीटनेटकं आहे, कालव्याकाठी बसायला छान जागा आहेत, चहा मात्र महाग. मला ओढ होती ती चांदमारीची, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानाची. ब्रिटिश सैन्याने १८५३ मध्ये नेमबाजीची शाळा काढली ती इथे. त्या काळच्या सचित्र साप्ताहिकांतली रायफल-सरावाची चित्रं खऱ्या अर्थाने कळायची असतील, तर हा गोट्यागोट्यांचा किनारा पायांनी मोजावा लागतो.

लाल बावटा वर होता, म्हणजे गोळीबार चालू आणि रस्ता बंद. मग अलीकडच्या बांधावरच ९०० यार्ड चाललो, म्हणजे साधारण ८२३ मीटर. मागे वळून पाहिलं तर सुरुवातीला उभा असलेला माणूस हात लांब करून धरलेल्या काडेपेटीच्या काडीच्या जाडीपेक्षाही बारीक दिसत होता. नेम धरायला रायफलीच्या नळीच्या टोकावर असलेली माशी त्याला पुरता झाकून टाकेल. चित्रांत मात्र निशाण दारासारखं ऐसपैस, दगड मारला तर लागेल इतकं जवळ! एकाच पानात सार्जंटच्या मिशा, नेमबाज आणि निशाण बसवायचं तर अंतराचा बळी जाणारच. पण खरी अवघड गोष्ट अंतर हीच होती.

१८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची मागची दर्शिका (अंतराप्रमाणे नेम धरायची खूणपट्टी) ९०० यार्डांपर्यंत लावता येई. इतक्या लांबून गोळी उंच कमानीत जाऊन तिरपी खाली येते. अंदाज पन्नास यार्डांनी चुकला की नेम वाया. म्हणून इथे बार काढण्याआधी नजर तयार करत: माणसं वेगवेगळ्या अंतरांवर उभी करायची आणि चेहरा कुठे ओळखू येईनासा होतो, गुंड्या कुठे दिसेनाशा होतात, ते लक्षात ठेवायचं. हे शिक्षण मला फार सुंदर वाटतं. ते चित्रात येत नाही, कारण त्यात धूर नाही.

बंदूक ठासणीची. काडतूस फाडायचं (हे दातांनी तोडणं आपल्याला १८५७ मुळे पाठ आहे), सुमारे साडेचार ग्रॅम दारू नळीत ओतायची, ३४ ग्रॅमची शिशाची गोळी गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी स्फोटक टोपी बसवायची, तिच्यावर आपटणारा घोडा पूर्ण चढवायचा. बार उडाला की गोळीचं पोकळ बूड फुगून आट्यांत, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांत, घट्ट बसतं. काही बारांनंतर आट्यांत काजळी साचून गोळी खाली जाईना. म्हणून पुढे तिचा व्यास .५६८ इंचावरून .५५० वर आणला. धूर तर असा की वारा पडला तर निशाणच दिसेना. चित्रकार मात्र नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा काढून मोकळा होतो.

अशी चित्रं पाहताना आधी बंदुकीचा घोडा शोधा. एन्फिल्डचा घोडा उजव्या बाजूला असतो. ही चित्रं लाकडी ठोकळ्यावर कोरून छापत, म्हणून ठोकळ्यावर चित्र उलटं काढावं लागे. ते सुलटंच काढलं गेलं तर छापताना सगळी पलटण डावखुरी व्हायची. मग धुरातून, आकाशातून सरळ जाणारी पांढरी बारीक रेघ शोधा. ठोकळे बॉक्सवुड नावाच्या झाडाच्या लाकडाचे. त्याचं खोड बारीक, त्यामुळे मोठा ठोकळा तुकडे बोल्टने जोडून करत. घाईच्या वेळी ते सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांना देत. सांधा नीट जुळला नाही की तिथे शाई धरत नसे.