मागं बघितल्याशिवाय कुत्र्याला चुकवू नका

बेळगाव भागात सायकल चालवणाऱ्याला कुत्र्याच्या दाताची भीती जास्त वाटते. पण बांधावरून भुंकत आलेलं कुत्रं बहुतेक वेळा चावत नाही, ते चाकापर्यंत येऊन थांबतं. घात होतो तो आपल्या हातांनी. कुत्रं डावीकडून आलं की हँडल आपोआप उजवीकडं ओढलं जातं, आणि नेमकी त्या वेळी मागून गाडी असते. म्हणून कुत्री आणि बेफाम गाड्या हा एकच विषय मानून त्याची तयारी करावी लागते.

हिशेब साधा आहे. ताशी २५ किलोमीटरने चाललेली सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते, ६० ने येणारी गाडी जवळपास १७ मीटर. ५० मीटर मागं दिसलेली गाडी पाच सेकंदांत तुमच्या बाजूला येते. कुत्रं दिसल्यावर मागं बघायला सवड मिळत नाही, ते आधीच बघून ठेवायचं असतं. गावाची पहिली घरं दिसली, चिकनच्या दुकानांचा कचरा टाकायची जागा जवळ आली, पोल्ट्री किंवा वीटभट्टी दिसली की कुत्रं दिसो न दिसो, मान वळवून मागचा रस्ता बघून घ्यावा.

मान उजवीकडं वळवली की सायकलही उजवीकडं सरकते. उजवा हात सैल सोडायचा, हनुवटी खांद्यावर टेकवायची, कंबर हलवायची नाही. कॅम्पातल्या मोकळ्या रस्त्यांवर पहाटे पांढऱ्या पट्टीवरून सरळ जात मागं बघायचा सराव केला तर आठवड्याभरात जमतं. उजव्या हँडलच्या टोकाला छोटा आरसा लावावाच. पश्चिमेकडं जाताना, म्हणजे जांबोटी किंवा उचगावच्या दिशेनं, आषाढ-श्रावणात समोरचा वारा एवढा असतो की मागची गाडी ऐकूच येत नाही. तिथं कानावर विसंबू नये, आणि इयरफोन तर घरीच ठेवावेत.

आता कुत्र्यांचं. भाद्रपद हा त्यांचा महिना. तेव्हा ती टोळीनं फिरतात, एकमेकांवर चिडलेली असतात आणि मध्ये आलेल्यावर धावतात. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात. कार्तिक-मार्गशीर्षात मोरीत, गवताच्या गंजीखाली, बंद पडलेल्या टपरीमागं व्यालेली कुत्री असते. ती पुरती सावध असते आणि आवाज न करता येते. याच दिवसांत भाताची मळणी रस्त्यावर चालते. अर्धा रस्ता पिकानं झाकलेला, कडेला राखणीचे दगड, आणि राखणीला कुत्रं. अंधारात हे दगड कुत्र्यापेक्षा वाईट. सुगीनंतर रानात मेंढ्या बसवलेल्या असतात, तिथली कुत्री लांडग्याशी झुंजायला ठेवलेली असतात. त्यांच्यापुढं पळायचा प्रयत्न करू नये आणि कळप व कुत्रं यांच्या मधून तर मुळीच जाऊ नये. लांबच थांबून धनगराला हाक मारावी. हुक्केरी-चिकोडीकडच्या वाड्यांवर मालकाला कन्नडमध्ये "नायी हिडीरी", म्हणजे कुत्रं धरा, म्हटलं की लगेच कळतं.

कुत्रं धावत आलं तर करायचं ते असं. आधी पायडल मारणं थांबवा. फिरणारे पाय आणि वाढता वेग यानंच ते पेटतं. हँडल अंगठ्यासकट धरा, कोपरं सैल ठेवा, दोन्ही ब्रेकवर दोन-दोन बोटं. कुत्रं पुढच्या चाकाखाली आलं तर अंगठा मोकळा असलेला हात हँडलवरून सुटतो. सरळ रेषेतच वेग कमी करा. ओल्या रस्त्यावर रिमचे ब्रेक पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसतात, त्यामुळं ब्रेक आधीच हलका दाबून ठेवावा. आवाज जाड काढून एकदाच "हाड!" म्हणा. किंचाळू नका, उंच आवाजानं कुत्री आणखी चेकाळतात. बहुतेक कुत्री आपली हद्द संपली की मागं फिरतात, आणि ती हद्द दोन-तीन घरांपुरतीच असते.

तरीही ते पायाशी आलं तर थांबा. कुत्र्याच्या विरुद्ध बाजूला उतरा, सायकल मध्ये ठेवा, तोंड त्याच्याकडं ठेवून पण डोळ्यांत रोखून न बघता पावलापावलानं पुढं सरका. पाठ फिरवू नका. खाली वाकून दगड उचलल्याचं नुसतं सोंग केलं तरी आपल्याकडची बहुतेक भटकी कुत्री चार पावलं मागं जातात. खरा दगड मारायची गरज सहसा पडत नाही, आणि मारलेलं कुत्रं पुढच्या सायकलवाल्यावर जास्त चिडून येतं. दाबल्यावर जोरात पाणी उडणारी ७५० मिलीची बाटली उपयोगी पडते, नाकावर पिचकारी बसली की कुत्रं क्षणभर थबकतं. लाथ मारू नका. एक पाय हवेत गेला की तोल तुमचाच जातो, आणि पाय पायडलला क्लिपने अडकवलेला असेल तर दुसराही सुटत नाही. मिरचीचा फवारा चालत्या सायकलवरून मारला तर वाऱ्यानं आपल्याच डोळ्यांत येतो. कुत्रं पळवणारी आवाजाची यंत्रं मिळतात, पण चिडलेल्या कुत्र्यापुढं त्यांचा भरवसा धरू नये.

पळून जाणं उतारावरच जमतं. राजहंसगडाच्या चढावर तुम्ही ताशी आठ-दहानं चाललेले असता, तिथं लवकर उतरून चालत पुढं जाणं हाच शहाणपणा.

रोजच्या वाटेवरची कुत्री सवयीनं शांत होतात. एकाच वेळेला, हळू, काहीतरी बोलत जावं. बिस्किटं घालायची तर रस्त्यापासून लांब, भिंतीच्या आतल्या बाजूला. रस्त्यावर फेकलेलं बिस्किट कुत्र्यांना चाकांसमोर आणून बसवतं आणि उद्या तिथं दुसराच कुणी पडतो. कानाला खाच पाडलेली असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी रेबीजची लस टोचलेली आहे. मात्र ती लस दरवर्षी लागते, तेव्हा खाच बघून निर्धास्त होऊ नये. लाळ गळणारं, झोकांड्या खाणारं, विनाकारण दिसेल त्याला चावणारं कुत्रं असेल तर वरचे उपाय करत बसू नका. लांबूनच वळा, पुढच्या माणसांना सांगा आणि ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला कळवा.

गटानं जात असाल तर पहिल्या सायकलनं कुत्रं जागं होतं आणि शेवटच्याच्या मागं लागतं. म्हणून शेवटी दमलेला किंवा नवखा माणूस ठेवू नये. पहिल्यानं "कुत्रं डावीकडं" असं ओरडून सांगावं, मागच्यांनी अंतर वाढवावं. कुणीही अचानक ब्रेक दाबू नये.

गाड्यांमध्ये आपल्या भागात सगळ्यात जपायचं ते उसाच्या ट्रॅक्टरला. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साधारण मार्चपर्यंत असतो. संकेश्वर, चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यात तेव्हा रात्रंदिवस डबल ट्रॉल्या चालतात. ट्रॅक्टर पुढं गेला की सायकलवाला सुटकेचा श्वास टाकून उजवीकडं येतो आणि दुसरी ट्रॉली त्याला घासते. ट्रॅक्टर, एक, दोन असं मोजूनच रस्त्यावर परत यावं. दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षा जास्त डुलते, खड्ड्यात हातभर बाजूला येते. बाहेर आलेली उसाची टोकं खांद्याच्या उंचीला असतात. वळणावर मागची चाकं आतून कापत येतात, त्यामुळं डाव्या वळणावर ट्रॉली आणि कडा यांच्यामध्ये कधीही थांबू नका. भरलेल्या ट्रॉलीला ओलांडूही नका. कारखान्याच्या वाटेवर पडलेला ऊस चाकाखाली फिरतो. तो चुकवता येत नसेल तर काटकोनात, ब्रेक न लावता ओलांडा. रात्री कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवाच नसतो, म्हणून समोरचा अंधार जरा जास्त गडद वाटला की वेग कमी करा.

बस आपल्याला ओलांडते तीच पुढच्या थांब्यावर वळायला. मागून बस आली की आधी पुढं थांबा आहे का ते बघा. असेल तर तिला जाऊ द्या आणि तिच्या डावीकडून कधीही जाऊ नका, दार त्याच बाजूला उघडतं. पिरनवाडी-मच्छेच्या पट्ट्यात उद्यमबागेतल्या कारखान्यांची शिफ्ट सुटते तेव्हा उलट्या बाजूनं येणाऱ्या दुचाकी असतात. त्यांना उजवीकडून चुकवण्यापेक्षा डावीकडं थांबून त्यांना वाट द्यावी. चोर्ल्याच्या रस्त्यावर शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी गोव्याला धावणाऱ्या गाड्या, रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या. शिवाय रोज पहाटेपूर्वी भाजीचे पिकअप बाजार गाठायच्या घाईत असतात. जांबोटी-कणकुंबीला सायकलनं जायचं तर मधल्या वारी, उजाडल्यावर निघावं.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालू नये. डांबराच्या कडेपासून पाऊण ते एक मीटर आत राहिलं की मागच्याला ओलांडताना विचार करावा लागतो, आणि तुम्हाला डावीकडं सरकायला जागा उरते. वेंगुर्ला रोडवर हिंडलग्याच्या पुढं काही ठिकाणी डांबर आणि साइडपट्टी यांत वीतभर फरक आहे. समोरून ओव्हरटेक करत गाडी अंगावर आली तर वेग कमी करून, हँडल सरळ ठेवून स्वतःच खाली उतरा. चाक खाली गेल्यावर कडेला समांतर राहून वर चढायचा प्रयत्न करू नका, चाक कडेला घासून माणूस थेट रस्त्यात पडतो. थांबा, सायकल उचला, वर ठेवा.

दिव्यांत कंजूषी नको. पुढं ३०० ते ४०० ल्युमेनचा, मागं दोन लाल, एक लुकलुकणारा आणि एक स्थिर. मागचा दिवसाही चालू ठेवावा. घोट्याला परावर्तक पट्टी बांधली तर ती वरखाली हलते आणि ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हा माणूस आहे.

चावलंच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची. बाटलीतलं पाणी पुरणार नाही, जवळचा नळ किंवा विहिरीवरची मोटार शोधा. सीटखालच्या पिशवीत साबणाचा तुकडा ठेवावा. मग आयोडीन लावा. हळद, चुना, मिरची काहीही नको. टाके शक्यतो घालू देऊ नका, लागलेच तर सिरम दिल्यानंतर. पँट फाटली नाही म्हणून सोडून देऊ नका, आतली कातडी बघा. ओरखडा असला तरी लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे सिरम, टोचावं लागतं. ते पहिल्याच दिवशी द्यायचं. राहिलं तर पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत. लस दंडात, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत टोचायच्या पद्धतीत ०, ३, ७, २८. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लस मिळते, सिरम आहे का ते निघण्याआधी फोन करून विचारा, नसेल तर थेट बेळगावचं सिव्हिल गाठा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून यात एक दिवसही चालढकल नको. रोज पहाटे निघणाऱ्यांनी आधीच ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी प्रतिबंधक लस घेऊन ठेवावी. मग चावल्यावर ० आणि ३ असे दोनच डोस लागतात, सिरम लागत नाही.

गाडीनं उडवलं तर १०८ ला फोन, आणि शुद्धीवर असाल तर गाडीचा नंबर टिपा. आपल्याकडं केए २२ बेळगाव, २३ चिकोडी, २४ बैलहोंगल, ४९ गोकाक. एमएच ०९ कोल्हापूर. ट्रॉलीचा नंबर ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतो आणि तोही उसाखाली झाकलेला, म्हणून ट्रॅक्टरच्या पुढचा नंबर टिपा. बाची ओलांडून शिनोळीत गेलात की हद्द चंदगडची, म्हणजे महाराष्ट्राची. "आमच्याकडं येत नाही" म्हणून परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, हे तिथंच सांगा. बेदरकार गाडी चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे, पाळलेलं कुत्रं निष्काळजीपणानं मोकळं सोडणाऱ्यासाठी २९१. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली गंभीर जखमेला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये भरपाई आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद आणि दवाखान्याचे कागद हवेत, म्हणून "किरकोळ आहे" म्हणत घरी जाऊ नका.

पडल्यावर परत सायकलवर बसण्याआधी पुढचं चाक हँडलशी काटकोनात आहे का, ब्रेक रिमवर नीट बसतो का आणि मागचा गिअर बदलणारा भाग आत वाकला आहे का, हे तीन बघा. तो वाकलेला असेल आणि चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला तर तो आऱ्यांत घुसून मागचं चाक जागच्या जागी अडकतं. डोकं आपटलं असेल तर हेल्मेट वरून अखंड दिसलं तरी बदला, आतला फोम एकदाच दबतो.