अर्जातला अकरावा रकाना

थायलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील रयोंग प्रांतात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, मी काही वर्षे देखभाल विभाग सांभाळत होतो. तिथले शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये संपत आले की, ‘पो वो सो’ हा आपल्याकडच्या पदविकेच्या जवळ जाणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणारी मुले तंत्रमहाविद्यालयांतून नोकरीसाठी येत. 2019 च्या मार्चमध्ये आमच्याकडे पाच जागा होत्या आणि अठरा उमेदवार आले होते.

अर्जातला अकरावा रकाना मी हट्टाने घालून घेतला होता: ‘ही शाखा का निवडली?’ यंत्रांची आवड, पगार, घरची परिस्थिती अशी काही उत्तरे येतील असे मला वाटले होते. अठरापैकी चौदा जणांनी तिथे माणूस लिहिला होता. कोणाचा चुलतभाऊ शेजारच्या औद्योगिक वसाहतीत वायरमन होता, कोणाला शाळेतल्या ‘रुन पी’ने, म्हणजे दोन-तीन वर्षे पुढच्या विद्यार्थ्याने, हाताला धरून प्रवेशअर्ज भरायला लावला होता, तर एकाने नुसतेच ‘मामा’ लिहून पुढे काही लिहिण्याची गरज मानली नव्हती.

मामा म्हणजे आमचेच वरिष्ठ फोरमन. मला ही गोष्ट त्या सकाळीच कळली, तीही त्यांच्याकडून नव्हे, तर मनुष्यबळ विभागातल्या बाईंकडून. असा मुलगा म्हणजे ‘देक फाक’, म्हणजे ‘ठेव म्हणून सोपवलेले पोर’, असे त्या म्हणाल्या. तोच नालायक निघाला की ‘देक सेन’ होतो. ‘सेन’ म्हणजे धागा, ओळख. आपल्याकडे त्यालाच वशिल्याचे तट्टू म्हणतात हे मी सांगितले, तेव्हा तट्टू म्हणजे काय हे त्यांना समजावताना माझी थाई भाषा संपली. नामांकित शाळांत प्रवेशासाठी जे पैसे मागच्या दाराने दिले जातात, त्यांना तिथे तेओच्यू चिनी बोलीतून आलेला ‘पे चिया’ हा शब्द आहे. आपल्या ‘चहापाण्या’शी त्याचे नाते लगेच जुळले.

पण बाईंनी मला एका ठिकाणी अडवले. त्यांच्या विद्यापीठात ‘साय राहत’ची पद्धत होती. नव्या विद्यार्थ्याच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे वरच्या वर्गातल्या ज्याच्याशी जुळतील, तो त्याचा पालकासारखा ‘पी’ होतो. जुनी पुस्तके देतो, कोणता विषय घ्यावा आणि कोणता टाळावा ते सांगतो. बाईंना पहिली नोकरी अशाच एका ‘पी’मुळे कळली होती. “तिने शब्द टाकला नाही, नोकरी आहे एवढेच सांगितले,” असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. हा फरक मला तेव्हा पळवाटेसारखा वाटला.

मी प्रात्यक्षिक परीक्षा घेतली. उमेदवारांच्या छातीवर नावाऐवजी क्रमांक लावले आणि गुणपत्रिका फोरमनांकडून काढून दुसऱ्या पाळीच्या पर्यवेक्षकांकडे दिली. मोटार आधी ‘स्टार’ जोडणीत कमी दाबावर सुरू करून मग ‘डेल्टा’ जोडणीत पूर्ण दाबावर नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी करायची आणि मी मुद्दाम करून ठेवलेला एक दोष चाळीस मिनिटांत शोधायचा, असे काम होते. दोष साधाच होता: टायमरच्या एका संपर्कबिंदूत कागदाचा तुकडा सरकवलेला, त्यामुळे मोटार स्टारमध्ये फिरायची, पण डेल्टावर जायचीच नाही. बहुतेकांनी काँटॅक्टरच, म्हणजे मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच, उघडून पाहिला. भाच्याची जोडणी पाहण्यासारखी होती, तारा ओळंब्यात, टोकांना क्रमांक. मात्र दोष त्याला सापडला नाही. बेरजेत तो सहावा आला.

तिसरी आली ती अठरांतली एकुलती एक मुलगी. तिने मल्टिमीटर घेऊन आधी आराखडा वाचला, मग टायमरपाशी जाऊन कागद चिमट्याने काढून माझ्यासमोर ठेवला. तिचा अकरावा रकाना कोरा होता. विचारल्यावर ती म्हणाली की लिहिण्यासारखे कोणी नाही. ती ईशान्येकडच्या सिसाकेत प्रांतातली, आईवडील भातशेतीवर. तिच्या महाविद्यालयातून आमच्याकडे कधी कोणी आलेच नव्हते. जागांची जाहिरात तिने फेसबुकवर पाहिली आणि रात्रभर बसने प्रवास करून ती सकाळी थेट फाटकावर उतरली होती. पुढे अभियांत्रिकीची पदवी का घेत नाहीस, असे मी विचारले. तिच्या शिक्षणकर्जाला शाळेतल्या एका शिक्षिकेने जामीन म्हणून सही दिली होती. आदल्याच वर्षी कांफेंग फेत प्रांतातल्या एका मुख्याध्यापिकेची बातमी देशभर गाजली होती: त्यांनी साठ विद्यार्थ्यांच्या कर्जांना जामीन दिला, त्यांतल्या काहींनी हप्ते फेडले नाहीत आणि वसुली बाईंच्या मालमत्तेपर्यंत पोहोचली. (अशा कर्जांची जामिनाची अट पुढे 2023 मध्ये कायद्याने काढून टाकली.) “माझ्या शिक्षिकेचे तसे होऊ नये,” एवढेच ती म्हणाली.

दुपारी यादी लागली. फोरमनांनी माझ्याशी या विषयावर एक शब्दही काढला नव्हता. समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून गप्प राहण्याच्या या रीतीला थाई लोक ‘क्रेंग चाय’ म्हणतात, आणि भीड घालणाऱ्या माणसापेक्षा असा गप्प माणूस जड जातो. संध्याकाळी ते स्वतःच आले, भाच्याच्या वतीने वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागितली आणि म्हणाले की, मुलगा लागला असता तर त्याच्या प्रत्येक चुकीचे उत्तर त्यांनाच द्यावे लागले असते, ते एक बरे झाले. मग थोडे थांबून म्हणाले, “पण सोंगक्रानला गावी बहिणीकडे जायचे आहे.” थाई नववर्षाच्या या सणाला महिनाही उरला नव्हता. ते गेले की नाही, हे विचारण्याचे धाडस मी केले नाही.

ती मुलगी रुजू झाली तेव्हा तिने वाय, म्हणजे हात जोडून नमस्कार, करून सगळ्यांना, पहिल्यांदा फोरमनांना, ‘मला सांभाळून घ्या’ अशा अर्थाचे ठरलेले वाक्य म्हटले. त्यांनी तिला काँटॅक्टर दुरुस्त करायला शिकवले, आणि मनापासून शिकवले.

2020 च्या मार्चच्या सुरुवातीला, मुखपट्ट्या लावलेल्या उमेदवारांचे अर्ज चाळताना सिसाकेतच्या तिघी मुली दिसल्या. तिघींच्याही अकराव्या रकान्यात तिचे टोपणनाव होते. तिने माझ्याकडे त्यांचा उल्लेख केला नव्हता. दोघी निवडल्या गेल्या, तिसरी राहिली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ती माझ्या टेबलापाशी आली आणि तिसरीचे नेमके काय चुकले, एवढेच तिने विचारले. मी कागदावर आकृती काढून इंटरलॉकची, म्हणजे दोन काँटॅक्टर एकाच वेळी लागू न देणाऱ्या जोडणीची, उलटी लागलेली तार दाखवली. तिने त्या कागदाची घडी घातली, कामाच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि फोनवर कोणाशी तरी बोलत ती बाहेर गेली.