ऱ्होड्स बंदरात एक दिवस: क्रूझच्या प्रवाशांसाठी किनारे आणि भटकंती

ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला जहाज समुद्रातच उभं राहतं. तिथे छोट्या बोटीतून काठावर जायचं आणि मग केबल कारची रांग धरायची. ऱ्होड्स या दुसऱ्या ग्रीक बेटाला ही भानगड नाही. जहाज थेट धक्क्याला लागतं आणि मध्ययुगीन शहराची तटबंदी तिथून चालत दहा मिनिटांवर असते. बहुतेकांचा दिवस नेमका या सोयीमुळेच बिघडतो. तटबंदी समोर दिसते म्हणून मंडळी आधी शहरात शिरतात, दोन तास दुकानं बघतात आणि अकराच्या सुमाराला लांबच्या लिंडोस गावाची, तिथल्या प्राचीन मंदिराची आठवण होते. तोवर बसची रांग वाढलेली असते आणि लिंडोसच्या खडकावर सावली औषधाला उरलेली नसते. म्हणून इथे क्रम उलटा ठेवायचा: लांबचं सकाळी, जुनं शहर परतल्यावर. जहाज तटबंदीला खेटूनच उभं असल्यामुळे शहर शेवटच्या तासापर्यंत निर्धास्त बघता येतं.

आधी वेळेचा हिशेब. जहाज ८ ला लागून संध्याकाळी ६ ला सुटणार असेल तर परत चढण्याची वेळ साधारण ५:३० धरा. उतरण्याच्या गर्दीत सकाळचा अर्धा तास जातो. म्हणजे हातात ८:३० ते ५ एवढाच वेळ. काही जहाजं स्वतःचं घड्याळ स्थानिक वेळेप्रमाणे बदलत नाहीत, त्यामुळे उतरताना दारापाशी लावलेली वेळ बघून घ्यावी. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि तासाभराचा घोळ इथेच होतो.

बससाठी बंदराच्या फाटकातून बाहेर पडून उत्तरेकडे चालायचं. तटबंदी डाव्या हाताला, समुद्र उजव्या हाताला. दहा-पंधरा मिनिटांत मांद्राकी हे छोटं बंदर लागतं. त्याच्या तोंडाशी दोन खांबांवर हरणाचे पुतळे आहेत. ऱ्होड्सचा तो प्रसिद्ध महाकाय पुतळा इथेच पाय फाकवून उभा होता, असं गाइड हमखास सांगतात. पुतळा होता हे खरं, इ.स.पू. २२६ च्या सुमारास भूकंपात पडला हेही खरं, पण पायाखालून जहाजं जात हा नंतरच्या लोकांचा कल्पनाविलास. मांद्राकीसमोरची अनेक कोनी इमारत म्हणजे नेआ आगोरा, नवा बाजार. बसचे दोन्ही थांबे तिच्याच आसपास आहेत.

बस कंपन्याही दोन आहेत आणि एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. केटेलच्या बस पूर्व किनाऱ्याने फालिराकी, त्सांबिका, लिंडोसकडे जातात. रोडाच्या निळ्या-पांढऱ्या बस पश्चिम किनारा, विमानतळ आणि फुलपाखरांची दरी धरतात, शिवाय कालिथेआकडेही जातात. रांगेत उभं राहण्याआधी समोरच्या पाटीवरचं नाव वाचा. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, तेव्हा तिकीटखिडकीवरचा त्या दिवसाचा कागद मोबाइलमध्ये टिपून घ्या. परतीच्या वेळा त्यावरच असतात.

पूर्व आणि पश्चिम हा फरक नुसता बसचा नाही, वाऱ्याचाही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तर-वायव्येकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा सुटतो. ऱ्होड्सची पश्चिम बाजू त्याच्या तोंडावर येते. इक्सियाकडे लाटा, गोटे आणि उडणाऱ्या छत्र्या. विंडसर्फिंगवाले तिथे खूश असतात, पोहणारे नाहीत. मधल्या डोंगरांमुळे पूर्व बाजू बरीच शांत राहते. वाळूचे चांगले किनारे जवळजवळ सगळे पूर्वेलाच आहेत. नकाशावर जवळ दिसतो म्हणून पश्चिमेचा किनारा निवडणं ही नेहमीची फसगत.

लिंडोस शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. बसला तास ते दीड तास लागतो, कारण वाटेत हॉटेलांचे थांबे आहेत. गावात गाड्यांना प्रवेश नाही. पांढऱ्या घरांच्या अरुंद गल्ल्यांतून ॲक्रोपोलिसकडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या प्राचीन तटबंद देवस्थानाकडे, चढायचं. डोंगर ११६ मीटर उंच, पायऱ्या सुमारे ३००. चढण कोकणातल्या एखाद्या टेकडीवरच्या देवळाएवढी, त्यामुळे आकड्याने घाबरायचं कारण नाही. त्रास होतो तो उन्हाचा आणि गुळगुळीत दगडांचा. शेकडो वर्षांच्या पावलांनी पायऱ्या इतक्या घासल्या आहेत की रबरी चप्पल उतरताना सरळ घसरते. मागे पट्टा असलेले, तळव्याला खाचा असलेले बूट घाला. गुडघ्यांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांनी खालच्या चौकात झाडाच्या सावलीत बसावं हे उत्तम. गाढवावरून जाण्याची सोय आहे, पण गाढव वरच्या दारापर्यंतच नेतं. खऱ्या उभ्या पायऱ्या त्यापुढे आहेत. १०० किलोंहून जास्त वजन जनावरावर लादायला ग्रीसमध्ये बंदी आहे, तरी त्या उन्हात त्यांची दशा बघता चालत जाणंच बरं.

दारातून आत गेल्यावर मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी डाव्या हाताच्या खडकावर जहाजाची मागची बाजू कोरलेली आहे. इ.स.पू. १८० च्या सुमाराचं हे काम शिल्पकार पिथोक्रितोसचं मानतात. वल्ह्याच्या बाजूचा फुगवटा, वर वळत गेलेलं टोक, सारं अजून स्पष्ट दिसतं. त्या डेकवर समुद्रदेव पोसायडनच्या एका पुजाऱ्याचा पुतळा उभा होता, आता नुसता चौथरा आहे. लोक इथे दम खायला भिंतीला टेकतात आणि शिल्पाकडे पाठ करून पाणी पितात. दोन मिनिटं थांबून वळून बघा. वर अथेना लिंडिया या देवीचं, डोरिक या प्राचीन ग्रीक शैलीतलं मंदिर आणि लांबलचक स्तंभावली आहे. कड्यावरून सेंट पॉलचा जवळजवळ बंद गोल उपसागर खाली दिसतो. ठरावीक वेळेचं तिकीट आधीच ऑनलाइन काढता येतं, ते काढून ठेवा. तीव्र उष्णतेची लाट असेल तेव्हा सरकार प्राचीन स्थळं दुपारी बंद ठेवायला सांगतं. सकाळी आधी ॲक्रोपोलिस, मग समुद्र, हा क्रम त्यासाठीही.

उतरल्यावर पोहायला दोन जागा. गावाखालचा मोठा किनारा वाळूचा, उतार सौम्य, लहान मुलांना सोयीचा. सेंट पॉलचा उपसागर देखणा आहे, पण वाळूची जागा चिमूटभर आणि खाटा लवकर भरतात. छत्री-खाटेचे पैसे सहसा जोडीवर घेतात, आणि पहिल्या रांगेचा दर वेगळा असतो. बसण्याआधी विचारा. ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक असतो, मोकळ्या वाळूवर स्वतःचा टॉवेल टाकून बसायला कोणी अडवू शकत नाही.

परतीची बस हा लिंडोसचा खरा काच. दक्षिणेकडून येणारी बस कधी कधी आधीच भरलेली येते आणि अर्धी रांग तिथेच राहते. जहाजावर ५:३० ला पोहोचायचं असेल तर लिंडोसहून २:३० च्या आसपासची बस धरा, म्हणजे ती हुकली तरी पुढची हाताशी राहते. तीही गेली तर टॅक्सी. इथल्या टॅक्सी गडद निळ्या रंगाच्या, वर पांढरं छप्पर. तळावर लांबच्या ठिकाणांचे ठरावीक दर फलकावर लिहिलेले असतात. चौघे असतील तर सकाळपासूनच टॅक्सीचा विचार करावा. भाड्याची गाडी घ्यायची तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो भारतातूनच, आरटीओतून काढून न्यावा. ऑटोमॅटिक गाड्या आधी आरक्षित केल्याशिवाय मिळणं कठीण, आणि लिंडोसचं पार्किंग अकरानंतर भरलेलं असतं.

नुसता समुद्रच हवा असेल तर लिंडोसची दगदग करूच नये. फालिराकी १४ किलोमीटरवर, बस वारंवार, वाळू लांबच लांब, गर्दीही तशीच. त्याच्या पुढची अँथनी क्विन नावाची खाडी छोटी, खडकाळ, हिरव्यागार पाण्याची. गॉगल लावून मासे बघायला छान, पण वाळूत लोळायला जागा नाही. शेजारच्या लाडिकोला थोडी वाळू आहे. सर्वांत सुरेख वाळू त्सांबिकाची, सुमारे २६ किलोमीटरवर. इथे मेख अशी की सगळ्या बस किनाऱ्यापर्यंत उतरत नाहीत. काही हमरस्त्यावरच सोडतात आणि पुढे तीव्र उतार चालावा लागतो. परतताना भर उन्हात तोच चढ. बसमध्ये चढताना ‘थेट किनारा का?’ असं चालकाला विचाराच. वरच्या कड्यावरच्या मठात मूल व्हावं म्हणून बायका नवस बोलतात. बेटावर त्सांबिका आणि त्सांबिकोस ही नावं इतकी ऐकू येतात ती त्यामुळेच.

कुठेच लांब जायचं नसेल तर शहरातलाच एली किनारा. धक्क्यापासून मांद्राकीच्या काठाने वीस-पंचवीस मिनिटं चालत. गोट्यांचा किनारा आहे, म्हणून पाण्यात घालायचे बूट हवेत, आणि पाणी पटकन खोल होतं. पोहत जाऊन उडी मारायचा, बेटावर इटलीची सत्ता होती तेव्हाचा काँक्रीटचा मनोरा समोरच आहे. कालिथेआ हा दुसरा जवळचा पर्याय. १९२९ च्या सुमारास इटालियनांनी बांधलेलं स्नानगृह, प्रवेशाला थोडे पैसे, शिडीवरून थेट खोल पाण्यात उतरायचं. पोहता येणाऱ्यांसाठीच.

फुलपाखरांची दरी जून ते सप्टेंबर सोडून जाऊ नका. बाकी काळात ती झाडीतली साधी पायवाट असते. तिथे खरं तर पतंग असतात, झाडांच्या खोडांवर चिकटून बसलेले. इथे विसावलेले असताना ते साठवलेल्या ताकदीवर जगतात. टाळ्या वाजवून उडवलं की ती ताकद संपते. फोटोसाठी टाळ्या पिटणारा गाइड दिसला तर खुशाल टोका. सिमी बेटाची बोट मात्र जहाजाच्या दिवशी टाळा. वारा वाढला आणि परतीची बोट रद्द झाली तर तुमचं जहाज थांबत नाही. जहाजाच्याच सहलीला उशीर झाला तरच ते थांबतं.

परतल्यावर जुनं शहर. १३०९ ते १५२२ इथे नाइट्सचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका संघाचं, राज्य होतं, मग तुर्की सुलतान सुलेमानने वेढा घालून ते घेतलं. सॉक्रेटिस रस्त्यावरची दुकानं चाळा, पण तिथे आणि मांद्राकीवर हाताला धरून बसवणाऱ्या हॉटेलांत दर छापलेलं मेन्यूकार्ड मागितल्याशिवाय काही मागवू नका. भल्यामोठ्या ग्लासातल्या बिअरचं बिल बघून डोळे पांढरे होतात. शाकाहारींची इथे अडचण नाही. पितारुदिया ही ऱ्होड्सची खास छोल्यांची भजी, शिवाय फावा (डाळीचा घट्ट गोळा) आणि गिगांतेस (मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी). ‘निस्तिसिमो’ म्हटलं की उपवासाचं, म्हणजे मांस, अंडी, दूध नसलेलं. कधी कधी त्यात कालवं, कोळंबी असतात, तेवढं विचारून घ्या. ऊन फार असेल तर तटाबाहेरचा खंदक फुकट आणि सावलीचा. दगडी तोफगोळे तिथे अजून पडलेले आहेत.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक गोष्ट तिकीट काढण्याआधीच तपासावी. ऱ्होड्सच्या आगेमागे जहाज तुर्कस्तानच्या कुशादासी किंवा बोद्रमला लागत असेल तर तुम्ही शेंगेनबाहेर, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, जाऊन परत आत येता. त्यासाठी एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही, अनेक प्रवेशांचाच काढा. तुर्कस्तानसाठी काय लागेल ते क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर बंदरागणिक शुल्क लावलं आहे. ऱ्होड्सला ते उन्हाळ्यात माणशी ५ युरो आहे. ते बहुधा जहाजाच्या बिलातच लागतं, धक्क्यावर कोणी मागितलं तर देऊ नका.