फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीसोबत तिच्या हेल्थ चेकअपला गेले होते, तिच्या सासूबाई पण होत्या. फॉर्म भरताना नर्सने शुगर, बीपी, थायरॉइड सगळं विचारलं आणि मद्यपानाच्या रकान्यात न विचारताच 'नाही' लिहून पुढे गेली. मैत्रीण गप्प, मी पण गप्प. रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) वाढलेलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, आणि डॉक्टर म्हणाले तेलकट कमी करा, चालायला जा.

मैत्रीण लॉकडाऊनपासून रोज रात्री पोरं झोपली की व्होडकाचे दोन लार्ज पेग घेते. व्होडकाच, कारण वास कमी येतो. दोन लार्ज म्हणजे 120 मिली, त्यात साधारण 40 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, रोज!

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या बायकांपैकी जेमतेम 1 टक्का दारू पितात असं आलंय, पुरुष 19 टक्के. अरुणाचलमध्ये मात्र बायकांचा आकडा 24, तिथे अपाँग म्हणजे तांदळाची दारू घरीच बनते, त्यात लपवण्यासारखं कोणाला काही वाटत नाही. आपल्याकडे घरची माणसं आजूबाजूला असताना किती जणी खरं सांगत असतील हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

पुरुष पितात तर बाईने का नाही, हे मला मान्यच आहे आणि संस्कृती शिकवणाऱ्यांचं मी ऐकणार पण नाही, पण शरीराचा हिशोब वेगळाय हो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, दारू पाण्यातच पसरते, त्यामुळे वजन सारखं आणि पेग पण सारखा असला तरी तिच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढतं, लिव्हर पण पुरुषापेक्षा कमी दारूत आणि कमी वर्षांत खराब होतं. आणि ब्रेस्ट कॅन्सर! रोजच्या एखाद्या ड्रिंकनेही त्याचा धोका वाढतो हे माझ्या ग्रुपमधल्या शिकल्यासवरलेल्या एकीलाही माहीत नव्हतं, वाइन तर हार्टला चांगली असते ना असंच सगळ्या म्हणत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सरळ सांगितलंय की सुरक्षित असं प्रमाणच नाही.

अजून एक, रोज भरपूर पिणारीने एका झटक्यात बंद करू नका, हात थरथरणं, झोप उडणं, फिट येणं असं काहीही होऊ शकतं, डॉक्टरला विचारूनच कमी करा. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी वेगळा विभाग आहे, निशिगंध नावाचा, हे पण खूप जणींना माहीत नसतं.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघीच परत गेलो, सासूबाईंना न सांगता. डॉक्टरांसमोर बसल्यावर ती पाच मिनिटं नुसती ओढणीशी चाळा करत होती, मग म्हणाली, फॉर्मवरचं ते 'नाही' चुकीचंय. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, रोज किती, कधीपासून.